रविवारची वाटी

मोडनिंबला, माझ्या मुलीच्या सासरी, माझा पेला वेगळा होता. तसं कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. पेला स्टीलचाच, बाकीच्यांसारखाच, फक्त बुडाला लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. मी पाणी प्यायले की तो मोरीत न जाता मागच्या दारी धुण्याच्या दगडावर पालथा पडायचा. हे माझ्या ध्यानात आलं ते तिसऱ्या खेपेला, घोट तोंडात असताना. गिळावा की थुंकावा कळेना. गिळला. विहीणबाई समोर बसून हसत होत्या आणि चिवडा घ्या, चिवडा घ्या म्हणत होत्या. चिवड्याची बशीही वेगळीच होती.

मला हिपॅटायटिस सी होता. हे सांगताना लोक आधी घसा खाकरतात, मी खाकरणार नाही. मुलीच्या जन्माच्या वेळी मला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. त्या काळी रक्त आजच्यासारखं तपासून देत नसत. कुणाच्या तरी अंगातला विषाणू माझ्या अंगात आला आणि पंचवीसेक वर्षं मुकाट बसून राहिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा सापडला. सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या मी एकही न चुकवता घेतल्या. विषाणू गेला आणि काही महिन्यांनी परत आला.

हा आजार एका ताटात जेवून होत नाही, हात लावून होत नाही, एका पेल्यातलं पाणी पिऊन तर नाहीच. रक्तातून रक्तात जातो. हे मी विहीणबाईंना दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी छान मान डोलावली आणि शेजारणीला म्हणाल्या, "इनबाईला कावीळ हाय. आतली."

मग मुलीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात सासरी ओटी भरतात आणि आई लेकीला घेऊन येते. मला तिसऱ्या महिन्यातच घाई झाली होती. जुनी मऊ सुती पातळं धुऊन दुपट्यांसाठी बाजूला काढली, आतली खोली रिकामी केली, आमच्या ह्यांची पुस्तकं आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे बाहेर हलवले. आणि विहीणबाईंचा फोन आला.

"पयलं माहेरीच, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर लहान जिवाचा सवाल हाय की. तुमची कावीळ जाऊ द्या, रिपोर्ट दावा, मंग न्या लेकीला. आमी कशाला आडवतोय?"

संध्याकाळी मुलीचा फोन आला, गच्चीवरून, दबक्या आवाजात. "आई, मी इथं नाही बाळंत होणार. मला भीती वाटते. तू ने मला." माझी मुलगी रडणाऱ्यातली नाही. लहानपणी जिन्यावरून पडून हनुवटीला टाके पडले तेव्हाही रडली नव्हती. त्या दिवशी ती रडत होती आणि मध्येच फोन बंद केला, बहुतेक कुणीतरी वर आलं.

आमच्या सोलापुरातल्याच एका मोठ्या दवाखान्यात मला दाखवलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, ज्यांचा विषाणू गोळ्या घेऊनही परत आला अशांसाठी नव्या औषधाची चाचणी चालू आहे, येता का? बारा आठवडे गोळ्या, मग बारा आठवडे थांबायचं आणि शेवटची तपासणी. मी तिथंच बोटं मोजली. शेवटचा रिपोर्ट मुलीच्या नवव्या महिन्यात पडत होता. सातवा हुकत होता, बाळंतपण हुकत नव्हतं. हो म्हटलं.

संमतीचा फॉर्म वीसेक पानांचा होता. तीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांना "इथं सही करा" म्हणत आले. आधी वाचून बघतो म्हणणाऱ्याचा मला मनस्वी राग यायचा, मागं रांग खोळंबते. तेव्हा मी काही रांग खोळंबवली नाही, पानापानावर सही ठोकली. मग कॅमेऱ्यासमोर बसवलं, नियमच आहे म्हणे तसा. चाचणीचं सगळं काम बघणारी एक मुलगी होती, माझ्या मुलीच्याच वयाची. तिनं विचारलं, "काकू, दुसरं कुठलं औषध घेता का? आयुर्वेदिक, झाडपाल्याचं, गावठी काही?" मी हसले. ते हसू त्या कॅमेऱ्यात आहे. "अगं, मी शिकलेली बाई आहे," असं म्हणाले.

चाचणीची खोली तिसऱ्या मजल्यावर, संडासाला लागून. लिफ्ट पेशंटच्या खाटांसाठी राखून ठेवलेली, म्हणून आम्ही जिन्यानं जायचो. लोकांनी थुंकू नये म्हणून जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या फरशा बसवल्या होत्या. लोक देवांच्या वीतभर वर थुंकत होते. फिनेलचा आणि मुताचा असा दोन्हींचा मिळून एक वास असतो, तो माझ्या साडीला घरापर्यंत यायचा. आल्याआल्या मी साडी बादलीत बुडवायचे तरी उशीला तोच वास.

आणि रक्त. दर खेपेला सहा नाहीतर सात नळ्या. माझं स्वतःचं रक्त बघून मला शिसारी यायची. काळपट, दाट, सावकाश चढणारं. ह्यातलं किती माझं आणि किती त्या बाटलीवाल्याचं, असा वेडा विचार मनात यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करायचे. गोळी मोठी, विटकरी रंगाची, जेवणानंतर एक. घेतली की वहीत वेळ लिहायची, पुढच्या खेपेला बाटली परत आणायची, उरलेल्या गोळ्या ती मुलगी ट्रेमध्ये ओतून मोजायची.

तिथं आम्हाला नावं नव्हती, नंबर होते. मी सात. बाकावर माझ्या शेजारी बहुतेक वेळा नऊ नंबर असायचे. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले गृहस्थ, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, हातात कापडी पिशवी. सकाळच्या गाडीनं यायचे. त्यांचाही विषाणू एकदा जाऊन परत आलेला. "आता हे न्हाय लागलं तर फुडं काय न्हाय बगा," असं अगदी शांतपणे सांगायचे. डायरीच्या मागच्या पानावर त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला होता, गाडी चुकली तर इथं निरोप द्यायला.

एकदा रक्त देऊन झाल्यावर त्यांनी डबा उघडला. "घ्या की ताई. कडक भाकरी हाय, शेंगाचटणी हाय. घरची."

त्यांच्या कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला होता आणि त्यावर लाल ठिपका उमटला होता. माझी नजर त्या ठिपक्यावरून हलेना. "नको, उपास आहे आज," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं. "व्हय. माज्यासमोर घरी बी सगळ्यांचा उपासच आसतो."

ज्या बाईनं पेल्याच्या ठिपक्यावरून चार रात्री झोप घालवली होती ती हीच बाई. मला माहीत होतं की भाकरीनं काही होत नाही. माहीत असून हात पुढं गेला नाही. त्या दिवशी मला स्वतःचा जो वीट आला तो पुढच्या सगळ्याच्या मानानं काहीच नव्हता.

पाचव्या आठवड्यात विहीणबाईंचा पुन्हा फोन. त्यांच्या गावाजवळच्या वस्तीवर एक म्हातारा काविळीचं औषध देतो, त्यांच्या माहेरची किती माणसं त्यानं उठवली, अमक्याची कावीळ, तमक्याची कावीळ. "तीन ऐतवार घ्यायचं फक्त. तीन ऐतवार करा, सातव्या म्हयन्यातच वटी भरून लेक तुमच्यासंगं लावून देते. मला रिपोर्ट बी नगं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि मला दुपट्यांचा गठ्ठा दिसला.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते आठवलं तरी लाज वाटते. पाला तर आहे, पाल्यानं काय होतंय. पोटात गोळी आहेच, वरून अजून एक आधार. दोन वैद्य लावले तर बिघडलं कुठं? पोस्टाच्या खिडकीत हे कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला रांगेबाहेर काढलं असतं.

शनिवारी मुक्कामाला जायचं, रविवारी सूर्य उगवायच्या आत वस्तीवर. पंचवीस-तीस माणसं उकिडवी बसलेली. म्हातारा पाटा मांडून कसलासा पाला वाटत होता, तो शेळीच्या दुधात कालवत होता आणि एका वाटीतून प्रत्येकाला पाजत होता. एका वाटीतून. पिऊन झालं की वाटी शेजारच्या बादलीत बुचकळायची आणि पुढच्याला. दहा माणसं होईपर्यंत बादलीतलं पाणी हिरवं झालं होतं. माझ्या पुढच्या बाईच्या ओठाच्या कडेला चट्टा होता. तिनं वाटी पिऊन वर कड चाटली. बुचकळली, भरली, माझ्या हातात आली.

पेल्याला ठिपका लावणाऱ्या माझ्या विहीणबाई मागं हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर किळसेची एक रेघ नव्हती. "एका घोटात घ्या," म्हणाल्या.

कडू, कोमट, शेळीच्या अंगाचा वास. घशाशी आलं ते मी परत आत ढकललं. माझी वाटी तशीच एका लेकुरवाळीच्या तोंडाला लागली. मग म्हाताऱ्यानं माझे हात चुन्याच्या निवळीनं चोळले, खाली पिवळं पाणी गळलं आणि बसलेल्या सगळ्यांनी ते मान वर करून बघितलं. "किती निघतीया बगा," विहीणबाई म्हणाल्या. मला पिवळी कावीळ नव्हतीच, डोळे पांढरेस्वच्छ होते. त्यांनी हात पुढं केले असते तर त्यांच्याही हातांचं पाणी तसंच पिवळं निघालं असतं. मी हात पदराला पुसले.

पथ्य असं की त्या दिवशी हळद नाही, तेल नाही आणि दुसरं कुठलं औषध नाही. चाचणीची गोळी मी एसटीत, मोहोळ सुटल्यावर, पदराआड घेतली. दोन्हीकडे चोरी. वहीत वेळ मात्र बरोबर लिहिली. दुसऱ्या रविवारी मोहोळच्या स्टँडवर उतरून ओकले. तिसऱ्या रविवारी ओकलेही नाही, सवय झाली होती.

तिसरी वाटी पोटात गेल्यावर, घरी चहा देताना विहीणबाई म्हणाल्या, "झालं की आता. त्यो रिपोर्ट तेवडा यिऊ द्या, मंग बगू."

चहा ठिपक्याच्या पेल्यातच होता.

आठव्या आठवड्यात चाचणीच्या त्या मुलीनं मला तातडीनं बोलावून घेतलं. लिव्हरचे आकडे एकदम वर गेले होते. माझ्या गोळ्या त्याच दिवशी थांबवल्या. तिनं विचारलं, "काकू, दुसरं काही घेतलंय का?" मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं, त्यांनाही नाही. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मी चिडले. मी काय अडाणी आहे का, मला उलटतपासणी कसली घेता, असं बरंच बोलले. खरं सांगितलं तर मला काढून टाकतील, मग रिपोर्ट नाही, रिपोर्ट नाही तर मुलगी नाही, एवढंच डोक्यात होतं. खोटं बोलणारा माणूस किती तावातावानं बोलतो ते मी खिडकीतून पुष्कळ बघितलं होतं. तसंच जमलं मला.

पण औषध नवं. माझ्या लिव्हरला कशानं झालं ते कळेपर्यंत त्यांनी तिथल्या सगळ्यांच्याच गोळ्या थांबवल्या. हे मला लगेच कळलं नाही. नंतर कळलं तरी मी गप्प राहिले. एक आठवडा. दोन आठवडे. रक्त द्यायला बोलवत, मी जाई, नळ्या भरून येई. आकडे खाली येत होते. पाला थांबला होता ना.

तिसऱ्या आठवड्यात बाकावर नऊ नंबर बसलेले. शर्ट तसाच कडक, पण पिशवीत डबा नव्हता.

"माझ्या रक्तातनं गेला हुता म्हणं, चवथ्या आटवड्यालाच," ते म्हणाले. "आन् आता गोळ्या बंद. कुणाचं तरी लिव्हर बिघाडलंय."

मी हं म्हटलं.

"कोन हाय कुनास ठाऊक. रोज दिवा लावताना म्हनतो, देवा, त्याचं बरं कर." मग जरा हसले. "त्याचं बरं झालं तर आमच्या गोळ्या चालू हुतील की."

मी उठले, खोलीत गेले, दार लावलं आणि त्या मुलीला सगळं सांगितलं. म्हातारा, वाटी, तीन रविवार. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं ड्रॉवरमधून दुसरा फॉर्म काढला, पेनाचं टोपण काढलं आणि तारखा विचारायला लागली. लिहून झाल्यावर एवढंच म्हणाली, "कॅमेऱ्यासमोर विचारलं होतं तुम्हाला." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

बाकीच्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. माझ्या कायमच्या बंद. रक्त मात्र ठरल्याप्रमाणे तपासत राहू, म्हणाले.

सातव्या महिन्यात मोडनिंबला ओटी भरली. मी साडी-चोळी, खण-नारळ घेऊन गेले. नारळ मी मुलीच्या ओटीत घालायच्या आत विहीणबाईंनी माझ्या हातून घेतला आणि स्वतः घातला. मुलगी खाली बघत होती. मी एकटीच परत आले.

आणि नवव्या महिन्यात रिपोर्ट आला. विषाणू नाही. मी तो कागद चारदा वाचला. डॉक्टर म्हणाले, आठ आठवड्यांच्या गोळ्यांनीच काम झालं, काही जणांचं होतं तसं, तुमचं नशीब. नशीब म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

विहीणबाई स्वतः मुलीला घेऊन आल्या, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. उंबऱ्यातच म्हणाल्या, "म्या म्हणलं नव्हतं? म्हाताऱ्याच्या हाताला गुण हाय." मी गोळ्यांचं सांगायला लागले. त्यांनी छान मान डोलावली.

नात झाली. इथं, आमच्या सोलापुरात, मी जवळ असताना. पहिल्यांदा उचलली तेव्हा तिचं डोकं माझ्या तळहातात मावत होतं आणि कुणी माझ्या हातून तिला काढून घेतलं नाही. त्या सुखाबद्दल खोटं बोलणार नाही. त्यासाठी मी आणखी तीन वाट्या प्याले असते.

बाराव्या दिवशी बारसं. घर बायकांनी भरलेलं. विहीणबाई पाळण्याजवळ पाय पसरून बसल्या आणि येईल तिला माझी कथा सांगत होत्या. मोठ्या दवाखान्यानं हात टेकले, तीन ऐतवारात बाई खणखणीत. "इचारा की इनबाईला. हितं बसल्यात."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नात माझ्या मांडीवर होती, नुकतीच झोपलेली. मी बोलले तर बोलाचाली होईल, विहीणबाई रुसतील, दोन महिन्यांचं माहेरपण दोन दिवसांत आटोपेल, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. मी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि हसले. तेच हसू, कॅमेऱ्यातलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, दिराला घेऊन जाते येत्या रविवारी. मी ऐकलं आणि घुगऱ्या वाटायला उठले. माझी मला इतकी किळस आली की हात दोनदा धुतले आणि मग बाळाला घेतलं.

चार-पाच दिवसांनी दुपारी फोन वाजला. नऊ नंबर. त्यांचाही शेवटचा रिपोर्ट आला होता. विषाणू परत आला होता. "तीन आटवडं खंड पडला म्हनून झालं का, म्हनलं डाक्टरास्नी. तसं नक्की सांगता येत न्हाय, म्हनले." मागं स्टेशनावरची गडबड ऐकू येत होती. "तुमी मातूर बऱ्या झालासा म्हनं. लई बरं वाटलं ऐकून. ताई, त्ये म्हाताऱ्याचं आवशीद कुटं मिळतंय? मोडनिंबाकडं म्हनत हुते."

मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. "ते औषध घेऊ नका," म्हटलं. "ते मी प्याले म्हणून माझं लिव्हर बिघडलं. म्हणून तुमच्या गोळ्या थांबल्या. ती मीच. तीन आठवडे गप्प बसले ती पण मीच."



"ठावं हाय ताई," ते म्हणाले. "तवाच कळलं हुतं. दवाखान्यात काय झाकून ऱ्हातंय व्हय. पर तुमी बऱ्या झालासा की."

मी सांगत राहिले. गोळ्यांनी बरी झाले, पाल्यानं नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय, माझ्याकडे कागद आहे, तुम्हाला दाखवते, तुम्ही पुन्हा दवाखान्यात जा, आणखी काही निघेल.  ते मधूनमधून हं म्हणत होते, विहीणबाई मान डोलावतात तसंच.

माझं संपल्यावर म्हणाले, "ऐतवारी किती वाजता पोचावं लागतंय, तेवडं सांगा."